देवाच्या खात्यावर

परदेशातून आलेला मिशनरी आपल्या मुलखात महिना-दोन महिने नाहीतर वर्ष-दोन वर्षं राहतो, फिरतो, आणि परत जाताना एक वाक्य हमखास बोलतो : ‘या दूरच्या देशात मला देवाच्या प्रेमाचा अनुभव आला.’ बोटी होत्या तेव्हा हे वाक्य पत्रातून बॉस्टनला, लंडनला जायचं. आता ते विमानातून जातं, फोटोसकट जातं. फोटोत आपलीच शेंबडी पोरं, आपल्याच म्हाताऱ्या, आपलीच पत्र्याची घरं. आणि खाली देवाचं नाव.

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्या माणसाला काहीतरी जाणवलेलं असतं. रडतात बिचारे, खरे रडतात. त्या रडण्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण वाक्यातल्या कर्त्याशी आहे. शाळेत गुरुजी सांगायचे ना, क्रियापदाला ‘कोण’ विचारा म्हंजे कर्ता सापडतो. विचारा मग. प्रेम केलं. कोणी? भाकर कोणी थापली? खाट कोणी रिकामी केली? रात्री ताप चढला तेव्हा कपाळावर ओली पट्टी कोणी ठेवली? ती माणसं त्या वाक्यात नाहीत. ती म्हारवाड्यात, मांगवाड्यात राहतात. त्यांना नाव आहे, आडनाव आहे, रेशनकार्ड आहे. प्रेम त्यांनी केलं आणि जमा झालं देवाच्या खात्यावर.

पुढं जायच्या आधी एक बांध घालून ठेवतो. धर्मांतराच्या नावानं बोंबलणाऱ्यांनी या लेखावर टाळ्या पिटू नयेत. ग्रॅहम स्टेन्स १९६५ ला ऑस्ट्रेलियातून ओडिशात आला. बारीपद्याला कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत राहिला. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात तो गाडीत झोपला असताना त्याला दोन पोरांसकट जिवंत जाळलं. थोरला दहा वर्षांचा, धाकटा सहा. जाळणारे म्हणे धर्म वाचवायला निघाले होते. ज्यांना कुष्ठरोगी गावात नको, म्हार विहिरीवर नको, त्यांना मिशनऱ्याच्या प्रेमाचा हिशेब मागायचा हक्क नाही. तो हक्क आपला आहे. कारण ते प्रेम आपल्या दारात आलं, आपल्या घरात जेवलं. तेव्हा हिशेब आपण मागू, आणि आपल्या भाषेत मागू.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, कागदावर आता अहिल्यानगर. आमच्या भावकीला दोन फाटे. काही घरं पणज्याच्या काळात ख्रिस्ती झाली, बाकीची १९५६ नंतर बौद्ध. गावाच्या लेखी दोन्हीकडचे म्हारच. माझी एक चुलत आत्या ख्रिस्ती घरातली. तिचं नाव इथं छापत नाही, कारण तिला त्याच गावात राहायचंय. तिच्या घरी एक परदेशी मडम पंधरा दिवस राहायला आली. वीस-बावीस वर्षांची पोरगी, मिशनच्या कामाला आलेली. आत्यानं घरातली एकुलती एक खाट तिला दिली, स्वतः खाली गोधडी टाकून झोपली. पाटंचं उठून चुलीवर पाणी तापवलं. कान शाबूत असलेला एकच कप होता, तो तिच्या नावाचा करून टाकला. शेवटच्या रविवारी मडम चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली. इंग्रजी बोलणारा दुसरा कुणी सापडंना, म्हणून भाषांतराला मला उभं केलं. मी बौद्ध, पण भाषांतराला कुठं बाप्तिस्मा लागतो! ती बोलली. एवढ्या गरिबीत एवढं प्रेम कधी पाहिलं नाही, देवानं मला इथं कवेत घेतलं, वगैरे. मी सांगत गेलो. आमेन झालं. बाहेर आल्यावर आत्यानं मला बाजूला घेतलं.

‘का रं बाळा, तिनं माझं नाव घेतलं का?’

‘न्हाई आत्या. देवाचं घेतलं.’

आत्या थोडं गप बसली. मग म्हणाली, ‘असू दे. पर पाटंचं पानी काय देवानं तापवलं व्हय?’

आता सांगा, ईश्वरविज्ञानाच्या कुठल्या ग्रंथात याचं उत्तर आहे?

ती पोरगी वाईट नव्हती. वाईट माणसाशी भांडण सोपं असतं. तिला एवढंच ठाऊक नव्हतं की ज्या आत्याच्या हातचा चहा ती पंधरा दिवस प्याली, त्या आत्याच्या हातचा चहा गावातल्या शंभर घरांत चालत नाही. म्हंजे तिनं जे अनुभवलं ते नुसतं गरिबाचं आदरातिथ्य नव्हतं. गावानं ज्या हाताला विटाळ ठरवलं, त्या हातानं तिला पाणी दिलं आणि तिनं ते घेतलं. ही केवढी मोठी गोष्ट! एवढी साक्ष तिनं त्या दिवशी दिली असती, ‘मी या बाईच्या हातचं खाल्लं, तुम्ही का खात नाही’ असं गावाच्या चावडीसमोर विचारलं असतं, तर गाव हाललं असतं. पण प्रेम देवाच्या खात्यावर जमा झालं की गावाला काही विचारायची गरजच उरत नाही. देवाचं प्रेम सगळ्यांवर. पाटलावरबी आणि आत्यावरबी. झालं. मिटलं.

हा खेळ आजचा नाही. प्रेमाचा निरोप घेऊन समुद्र ओलांडून आलेल्यांपुढं पहिल्या दिवसापासून जात उभी होती. तिच्याशी कसं वागायचं हे प्रत्येकाला ठरवावं लागलं. इटलीहून रॉबर्ट डी नोबिली नावाचा जेझुइट पाद्री १६०६ ला मदुरेला गेला. त्यानं भगवी वस्त्रं घातली, बामन स्वयंपाकी ठेवला, खालच्या जातींत वावरणाऱ्या आपल्याच धर्मबंधूपासून अंतर राखलं. का? तर बामनांना ख्रिस्त पटावा म्हणून. पुढं रोमपर्यंत वाद गेला आणि १६२३ ला पोपनं ख्रिस्ती बामनाच्या जानव्याला आणि शेंडीला परवानगी दिली. घ्या! सातासमुद्रापलीकडून प्रेम आलं आणि दारात जानवं बघून आधी सोवळं नेसलं.

दुसऱ्या बाजूला कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन. त्यानं १८३३ ला दक्षिणेतल्या मंडळ्यांना हुकूम काढला की चर्चमध्ये जात चालणार नाही, ताबडतोब सोडा. तंजावरच्या बाजूला बरेच वरच्या जातीचे ख्रिस्ती चर्च सोडून गेले. गेले तर गेले. त्याच्या प्रेमाला किंमत मोजावी लागली, म्हणून त्या प्रेमाला मी मोजतो. तरीबी भिंती पडल्या नाहीत. त्रिचीच्या कॅथलिक कब्रस्तानात दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत घातली गेली. गोव्यात बामण, चारडो, सुदीर बाप्तिस्म्याच्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या विरघळले नाहीत. मेल्यावर आत्मा एकाच स्वर्गात, पण हाडं वेगळी!

आता आपल्या नगरकडं येऊ. सिंथिया फरार. अमेरिकन बाई, बिनलग्नाची. बोटीनं १८२७ ला मुंबईत उतरली. अमेरिकन मिशननं परदेशात धाडलेली ती पहिली अविवाहित बाई समजली जाते. पुढं नगरला आली, मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ ला नगरलाच मेली. मधे एकदा मायदेशी जाऊन आली तेवढीच, बाकी सगळं आयुष्य इथं गेलं. तिलाही देवाच्या प्रेमाचा अनुभव आला असेल. आला असो वा नसो, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय! आपल्याला दिसतं ते हे की जोतीराव फुले नगरला गेले तेव्हा त्यांनी फरारबाईची शाळा पाहिली. पुण्याला परतून १८४८ ला त्यांनी शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. फुल्यांच्या शाळेत मांगाची पोर मुक्ता शिकली, आणि तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ ला ‘ज्ञानोदया’त, मिशनऱ्यांच्याच पत्रात, छापून आला.

मुक्तानं त्यात काय लिहिलं? ‘मला प्रेमाचा अनुभव आला’ असं नाही लिहिलं. वेद जर फक्त बामनांचे, तर आमच्याजवळ धर्माचं पुस्तकच नाही, मग आम्ही कोणत्या धर्माचे, असा सरळ दांडका घातला. बाळंत होणाऱ्या मांग-महार बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे लिहिलं. फरारबाईचं प्रेम फरारबाईच्या पत्रात राहिलं असतं तर ते नगरच्या मातीत मुरून गेलं असतं. ते फुल्यांच्या हातात आलं तेव्हा शाळा झालं, मुक्ताच्या हातात आलं तेव्हा सवाल झालं. दोस्तहो, प्रेमाचं मोल कुठं ठरतं? देणाऱ्याच्या अनुभवात नाही ठरत. घेणाऱ्याची मान किती वर झाली, तिथं ठरतं.

उलट्या दिशेचा प्रवासही बघून घेऊ, कारण परदेशात देवाचं प्रेम भेटल्याची मराठीतली सगळ्यात मोठी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्या १८८३ ला इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात राहिल्या. तिथल्या सिस्टर्सचं लंडनजवळ फुलहमला काम चालायचं. समाजानं ‘पतित’ म्हणून फेकलेल्या बायांना त्या जवळ करत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि हादरल्या. आपल्या शास्त्रांनी अशा बाईला फक्त शिक्षाच सांगितली. इथं तिला माणूस म्हणून उभं करतात. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीट बघा हं : रमाबाईंना प्रेम ढगात नाही दिसलं. बायांनी बायांसाठी केलेल्या कामात दिसलं. त्यांनी कर्ता ओळखला.

आणि त्याच प्रेमानं जेव्हा लगाम ओढला तेव्हा त्यांनी मानही झटकली. मठातल्या सिस्टरनं सांगितलं, प्रश्न विचारू नको, वडीलधाऱ्यांचं ऐक. रमाबाईंनी उत्तर धाडलं, त्याचा मतलब असा की मोठ्या कष्टानं एका भटशाहीचं जू मानेवरून उतरवलंय, आता दुसरं चढवून घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं पाहिजेत म्हणाले, तर ही बाई म्हणाली लॅटिन कशाला, संस्कृत घाला. बाईनं पुरुषांना शिकवावं की नाही यावर बिशप लोक खल करत बसले. म्हंजे प्रेम आलं ते एकटं नाही आलं. प्रेमाबरोबर मालकीही आली. रमाबाईंनी प्रेम ठेवून घेतलं, मालकी परत केली. हे शिकण्यासारखं आहे.

पण इथंच माझा दुसरा सवाल उभा राहतो. रमाबाईंना जे झालं त्याला सगळे ‘अनुभव’ म्हणतात. नारायण वामन टिळकांना १८९३ ला रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याला ‘आत्म्याचा शोध’ म्हणतात. बरोबर आहे. शोध होताच तो. आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगरच्या बाजूला आमचे म्हार-मांग पणजे झुंडीनं ख्रिस्ती झाले, त्याला काय म्हणतात? ‘पोटासाठी बाटले.’ हिंदू तसं म्हणाले, आणि गोऱ्या साहेबालाही आतून तीच शंका. बामनाला आला तो अनुभव. म्हाराला आली ती भूक.

का रे बाबांनो? भूक हा अनुभव नाही? ज्या दुष्काळात माणसं रस्त्याच्या कडंनं मरून पडत होती, त्या दुष्काळात गावाच्या पेवाचं तोंड ज्यांच्यासाठी उघडलं नाही, त्यांच्या ओंजळीत कुणीतरी जात न विचारता धान्य घातलं. त्या माणसाला त्या क्षणी देव दिसला असेल तर तो रेल्वेतल्या पुस्तकातल्या देवापेक्षा कमी दर्जाचा कसा? तुमच्या शुभवर्तमानात ख्रिस्तानं पाच हजारांना आधी भाकर खायला घातली, का आधी त्यांच्या आत्म्याची परीक्षा घेतली? पोट हे माणसाचं पहिलं देऊळ आहे. ते उपाशी ठेवून वर आत्म्याच्या गोष्टी सांगायच्या, ही खास बामनी कला. ती ख्रिस्ती झग्यातही छान बसते आणि खादीतही.

खादीत कशी बसते ते १९३६ ला दिसलं. येवल्याची गर्जना होऊन वर्ष झालेलं. बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे सांगितलेलं. तेव्हा जॉन मॉट हा अमेरिकन मिशनरी पुढारी गांधींना भेटायला आला. हा माणूस जग फिरलेला, ख्रिस्ती तरुणांच्या चळवळीचा मोठा नेता. पुढं १९४६ ला त्याला शांततेचं नोबेलही मिळालं. अस्पृश्यांत प्रचार करावा की नाही यावर बोलणं निघालं. गांधींनी त्याला विचारलं की तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल का. आणि वर जोडलं की समजुतीच्या बाबतीत काही अस्पृश्य तर गाईहून खाली आहेत. हे ‘हरिजन’मध्ये छापून आलंय, माझ्या घरचं नाही. एकीकडं प्रेमाचा निरोप्या, दुसरीकडं प्रेमाचा महात्मा, आणि दोघांच्या मधे आपण. बोलायला नाही, विषय म्हणून! आम्हाला प्रेम समजेल का, यावर चर्चा. आम्हाला कुणी विचारलं नाही.

आता आपल्या बापाचा परदेश बघा. भीमराव १९१३ ला न्यूयॉर्कला गेले. कोलंबियात, मग लंडनला. तिथं त्यांना माणसासारखं वागवलं गेलं. शेजारी बसले, बरोबर जेवले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की परदेशातल्या त्या काही वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच मनातून पुसली गेली होती. हा अनुभव लहान आहे? दुसरा कुणी असता तर ‘परदेशात मला देव भेटला’ म्हणून पुस्तकं लिहिली असती, सभा गाजवल्या असत्या.

भीमराव १९१७ ला बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा नाही. पारशाच्या सराईत पारशी नावानं राहिले. एका सकाळी लाठ्या घेऊन माणसं आली आणि सामानासकट बाहेर काढलं. मग दोन मित्रांकडं गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू म्हणाला, तू आलास तर माझे नोकर पळून जातील. ख्रिस्ती म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. नंतर कळलं, ती मंडळी मूळची बामन; नवरा धर्म बदलून सुधारला होता, बायको सोवळ्यातच राहिली होती. वाचा, पुन्हा पुन्हा वाचा हा प्रसंग. ख्रिस्ताचं प्रेम त्या घरात पोचलं होतं. प्रार्थनेपर्यंत पोचलं, उंबऱ्यापर्यंत नाही पोचलं.

आणि बाबासाहेबांनी काय केलं? परदेशातला अनुभव उराशी धरून ते रडत बसले नाहीत. तिथं जे मिळालं ते इथं प्रत्येकाला मिळालं पाहिजे, दया म्हणून नाही, हक्क म्हणून, असं म्हणून ते १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेले. इथं मिशनऱ्याची वाट आणि आपली वाट वेगळी होते. मिशनरी परदेशातून अनुभव घेऊन घरी जातो. बाबासाहेब परदेशातून मागणी घेऊन घरी आले.

ख्रिस्ताबद्दल त्यांना आकस नव्हता. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढं ते बोलले, तेव्हा बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपलं मन ओढून घेतलंय हे त्यांनी सांगितलं. आणि त्याच दमात खडसावलं की दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात चालते, आणि ख्रिस्ती समाज आपल्या राजकीय हक्कांसाठी लढत नाही. पुढं इंग्रजीत त्यांनी यावर सविस्तर लिहिलं. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा फायदा मुख्यतः वरच्या जातीच्या हिंदूंनाच होतो, बाटलेला गरीब तसाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांनी मिशनऱ्याच्या मनाची परीक्षा घेतली नाही. प्रेम खरं का खोटं हे विचारलं नाही. प्रेम गेलं कुठं, कुणाच्या पदरात पडलं, एवढंच तपासलं. अर्थशास्त्राचा माणूस! खातेवही उघडून बसला.

आणि प्रेमाच्या या खातेवहीत सगळ्यात मोठी खोट १९५० ला आली. अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात कलम घातलं : हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. शीख १९५६ ला आत घेतले, बौद्ध १९९० ला. ख्रिस्ती म्हार-मांग बाहेरच राहिले. सवलत गेली आणि जात मात्र राहिली! गावात मार खाताना तो म्हार, अर्ज भरताना तो ख्रिस्ती. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ ला आणखी एक आयोग नेमला. आयोगावर आयोग. इतक्या वर्षांत परदेशातून किती जण येऊन ‘प्रेम अनुभवून’ गेले? त्यातल्या किती जणांनी घरी जाऊन सांगितलं की ज्यांच्या घरी मी जेवलो त्यांचा हक्क कायद्यानं कापलाय? असं सांगणारे काही असतील, त्यांना माझा जयभीम. बाकीच्यांनी फोटो दाखवले.

आता आपल्याकडं वळतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, बरं झालं, ख्रिस्त्यांची झाडली. दोस्तहो, आपल्याकडंही थायलंडहून, जपानहून भन्ते येतात. भली मोठी मूर्ती देतात. आपण फुलं टाकतो, पाया पडतो. तेही म्हणतात, भारतात आम्हाला मैत्रीचा अनुभव आला. आपलेच पुढारी परदेशात जयंतीला जाऊन येतात आणि ‘काय प्रेम मिळालं तिकडं’ म्हणून महिनाभर सांगत बसतात. त्यांनाही तोच सवाल लावा. कुणाच्या घरी उतरलात? स्वयंपाक कुणी केला? त्या बाईचं नाव काय? तुम्ही आलात तेव्हा तिच्या वस्तीला नळ नव्हता, तुम्ही गेल्यावर आला का? बाबासाहेबांनी बंधुता हा शब्द बुद्धाकडून घेतला, त्याचा अर्थ मैत्री. मैत्री म्हंजे पाहुण्याला आलेला गहिवर नव्हे. मैत्री म्हंजे रोजचं शेजारपण, एका पाणवठ्याचं.

ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष देणं’ हा मोठा शब्द आहे. मला तो आवडतो. पण साक्ष कोर्टातही देतात. तिथं गहिवर चालत नाही. तिथं नाव सांगावं लागतं, गाव सांगावं लागतं, कोणी कोणाला काय केलं ते बोट दाखवून सांगावं लागतं. नगर जिल्ह्यात मिशनचं ठाणं १८३१ ला बसलं. तेव्हापासून दर रविवारी त्या मुलखात प्रेमाची साक्ष चालू आहे. त्याच जिल्ह्यात सोनईला २०१३ ला आमची तीन माणसं मारली. खर्ड्याला २०१४ ला सतरा वर्षांचं पोर शाळेतून ओढून नेलं आणि झाडाला लटकवलं. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि २०१७ ला आरोपी सुटले. त्या पोराच्या बापाला देवाचं प्रेम कमी पडलं नव्हतं. त्याला पिंजऱ्यात उभे राहून खरं सांगणारे साक्षीदार कमी पडले.

म्हणून इथून पुढं, बाहेरून कुणीही येऊ दे, क्रूस घेऊन येऊ दे नाहीतर चीवर घालून, त्याला आपल्या घरात जागा द्या. भाकर द्या. आपण गाव नाही, आपण दारातून परत धाडत नाही. पण तो प्रेमाबद्दल बोलायला उभा राहिला की मागून मोठ्यानं ओरडा : नाव घ्या! ज्यांनी खाऊ घातलं त्यांचं नाव घ्या. ज्यांनी त्यांना पाण्यावरून हाकललं त्यांचंही नाव घ्या. आणि कोर्टाची तारीख लागली की या. येणार असाल तर तुमच्या देवाबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

जयभीम.